एका नव्या कोटाचं वय

स्केलबेकच्या गावसमितीच्या चिटणीस मिसेस आल्डरसन कुणाकडे गेल्या, तर दाराबाहेरच उभ्या राहून बोलतात. आत गेलं की चहा घ्यावा लागतो आणि चहा घेतला की निःपक्षपातीपणा जातो, असं त्यांचं मत आहे. शुक्रवारी, दोन डिसेंबरला, सकाळी सव्वादहा वाजता त्या हेस्टर पिलिंगच्या दाराबाहेर भर पावसात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हार्करचा गुडघा गेला."

"अरेरे," हेस्टर म्हणाली.

"नाताळच्या दुसऱ्या दिवशीची शिवेची फेरी यंदा तुम्ही न्यायची. समितीनं ठरवलंय. पाच मैल. साडेदहाला हॉलपासून निघायचं, दीडला पबमध्ये सूप. कुणी हरवता कामा नये. नीट झालं, तर दरवर्षी तुमच्याकडे. नाही झालं, तर हार्करचा गुडघा कसा आहे ते बघू."

एवढं बोलून त्या गेल्या. हेस्टर दार उघडं टाकून तशीच उभी राहिली. पायपुसणं भिजून गेलं तरी तिला कळलं नाही.

हेस्टर आणि तिचा नवरा डेस्मंड यांना या गावात येऊन अकरा वर्षं झाली होती. यॉर्कशरच्या त्या डोंगरात अकरा वर्षं म्हणजे काहीच नाही. पाहुणा अजून बॅग खाली ठेवतोय, एवढंच. या काळात गावाने तिला एकच गोष्ट अनेकदा सांगितली होती, ती म्हणजे 'गाडी जरा पुढे घ्या'. आणि आता अख्खं गाव तिच्या मागून चालणार होतं, आपल्याच शिवेवरून, तिने सांगितलेल्या वाटेने. ही फेरी एकदा कायमची आपल्याकडे आली, की आपण या गावचे झालो. हेस्टरच्या मनात याबद्दल तिळमात्र शंका नव्हती, आणि गावाच्याही नसावी. नाहीतर आजवर फेरी नेणाऱ्या हार्करने अठरा वर्षं दुखरा गुडघा लपवला नसता.

डेस्मंड बाजाराच्या गावी लोकांचे डोळे तपासतो. संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा हेस्टरने कपाटातले सगळे गरम कपडे पलंगावर मांडले होते.

"मी काय घालू?" ती म्हणाली.

डेस्मंडने चष्मा पुसला. या प्रश्नाला उत्तर नसतं हे त्याला तीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

प्रश्न मात्र खरा होता. डिसेंबरातल्या स्केलबेकमध्ये वरून पाऊस येतो, समोरून वारा येतो आणि खालून चिखल येतो, आणि तिघेही एकमेकांची वाट बघत नाहीत. तिथे कपड्यांचे दोनच प्रकार संभवतात, चांगले दिसणारे आणि कोरडे ठेवणारे. हेस्टरने अकरा वर्षांत दोन्ही करून पाहिले होते. पहिल्या वर्षी तिचा शहरातला उंटाच्या रंगाचा लोकरी कोट होता. तिसऱ्या आठवड्यात तो पाणी पिऊन इतका जड झाला, की तो घालून बसलं तर उठायला कुणाचा तरी हात लागायचा. मग पिवळाजर्द रेनकोट आला. त्यातून बाहेरचं पाणी आत यायचं नाही, पण आतला घामही बाहेर जायचा नाही. शिवाय शेजारच्या मेटकाफच्या मेंढ्यांचं खाद्य पिवळ्या पिशव्यांतून यायचं. हेस्टर त्या रेनकोटात पोस्टापर्यंत गेली, की मागून साठ-सत्तर मेंढ्या ओरडत दगडी गडग्याच्या कडेकडेने यायच्या. दात काढणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात दहा वर्षं पुढच्या टेबलावर बसणाऱ्या, चारचौघांत मान असलेल्या बाईला हे शोभत नाही.

"यंदा दोन्ही," हेस्टर म्हणाली. "मला छान दिसायचंय आणि कोरडंही राहायचंय."

"एकाच वेळी?" डेस्मंडने विचारलं.

"एकाच वेळी."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाजाराच्या गावातल्या दुकानात तिने तो कोट पाहिला आणि तिथेच तिचं ठरलं. मेण भरलेल्या जाड सुती कापडाचा, गर्द शेवाळी रंगाचा. कॉलर तपकिरी कॉर्डरॉयची. आत चौकड्यांचं अस्तर. कमरेला किंचित आत घेतलेला, इतकाच की बाई आहे हे कळावं आणि खालून दोन स्वेटरही मावावेत. बाहेर दोन मोठे खिसे, त्यांच्यामागे हात ऊबेला ठेवायला दोन छोटे, आणि आत छातीशी एक खास खिसा, नकाशा घडी करून ठेवण्यापुरता. सोबत तिने ट्वीडची टोपी घेतली आणि त्याच शेवाळी रंगाचे गमबूट घेतले. आरशात पाहिलं, तर समोर अशी बाई उभी होती जिच्या मागून कुणीही पाच मैल निमूटपणे चालावं.

"डेस्मंड," ती आरशातूनच म्हणाली, "मला ही बाई आवडली."

"मलाही," डेस्मंड म्हणाला. तो मनापासून म्हणाला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्या मनात काय काय आलं ते सांगण्यासारखं नाही.

कोट अंगात घालूनच ती घरी आली. गाडीतून उतरते न उतरते, तोच गडग्यापलीकडून एनॉक मेटकाफचं डोकं वर आलं. वय एक्क्याऐंशी, मेंढ्या दोनशे दहा, कुत्रा एक. चौपन्न वर्षांच्या हेस्टरला 'पोरी' म्हणणारा जगातला एवढा एकच माणूस उरला होता. त्याने तिच्याकडे टोपीपासून गमबुटांपर्यंत सावकाश पाहिलं.

"नवा वाटतं?" तो म्हणाला.

जगाच्या पाठीवर पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न कौतुकाने विचारतात. विचारणारा कापडाला हात लावून बघतो, दुकानाचं नाव विचारतो, कधी तोंड गोड करा म्हणतो. स्केलबेकमध्ये तो 'ताप आलाय वाटतं?' या चालीवर विचारतात. तिथे कोट विकत घ्यायचा नसतो, तो असतो. तो निदान घरातल्या कुत्र्याहून वडील असावा, त्याची एक बाही तारेला अडकून फाटलेली असावी आणि खिशात सुतळी असावी. ज्याचा कोट नवा, तो माणूस नवा. आणि नव्या माणसाच्या मागून कोण चालणार?

हेस्टरला हे सगळं ठाऊक होतं. फक्त दुकानातल्या आरशाने ते तासभर विसरायला लावलं होतं.

"नवा? छे हो," ती म्हणाली. "पडलेला होता घरात."

"हां," मेटकाफ म्हणाला आणि डोकं खाली गेलं. मग गडग्याआडून फक्त आवाज आला. "कॉलरला किमतीची चिठ्ठी लोंबतेय बघ, पोरी."

रविवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर हेस्टरने कॅलेंडर ठेवलं. फेरीला बावीस दिवस होते. बावीस दिवसांत कोटाचं वय वीस वर्षांनी वाढवायचं होतं.

"वर्षाला साधारण एक दिवस," डेस्मंड म्हणाला.

"जमेल," हेस्टर म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. संकटापेक्षा तिला त्यात आता कामगिरीच जास्त दिसत होती.

अशी गोष्ट गुप्त ठेवावी म्हटलं तर दवाखान्यातल्या टेबलावर बसून ती गुप्त राहत नाही. हेस्टरने फक्त 'माझ्या एका मैत्रिणीचा कोट आहे' एवढंच सांगितलं. गुरुवारपर्यंत मैत्रिणीच्या कोटाबद्दल अकरा जणांनी सल्ला दिला. कुणी म्हणालं, दगडावर आपट. कुणी म्हणालं, वाळूच्या कागदाने घास. हिरड्या सुजून आलेले पाद्री गार्थ तोंडात कापूस असताना म्हणाले, की त्यावरून मोटार फिरवावी. तोंडातल्या कापसामुळे आधी सगळ्यांना वाटलं ते मैत्रिणीबद्दलच बोलताहेत.

मोटार फिरवण्याचं काम डेस्मंडकडे आलं. अंगणातल्या खडीवर कोट पालथा पसरला आणि त्याने गाडी चार वेळा पुढे, चार वेळा मागे नेली. कोटाच्या पाठीवर टायरची सुबक, समांतर नक्षी उमटली, सरकारी शिक्का मारावा तशी. हेस्टरने ओल्या फडक्याने एकदा पुसलं आणि नक्षी गेली. कोट पुन्हा नवा.

ही त्या कोटाची खोड होती. त्याला काही लागतच नव्हतं. चहा ओतला, तर थेंब मोत्यांसारखे घरंगळून खाली. चिखल फासला, तर वाळून पापुद्र्यासारखा पडला. हेस्टर मनातून एकीकडे चिडत होती आणि एकीकडे तिला त्याचा अभिमान वाटत होता, शाळेतून कितीही तक्रारी आल्या तरी लेकाचा वाटावा तसा.

"कुत्र्याला त्यावर झोपू दे," शेवटी मेटकाफनेच गडग्यावरून सांगितलं. मैत्रिणीच्या कोटाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "तुझ्या त्या मैत्रिणीला सांग. वर्षाचं काम आठवड्यात होतं. माझा मॉस नेतेस का?"

मॉसला नेलं. मॉसने कोट हुंगला, त्याच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि तो डेस्मंडच्या खुर्चीत जाऊन झोपला. तिथून तो पाच दिवस हलला नाही. खुर्चीचं वय मात्र बरंच वाढलं.

राहता राहिलं हवामान. बारा तारखेला, सोमवारी, हेस्टरने गल्लीच्या वळणावर कुंपणाशी एक खांब रोवला, आडवी काठी बांधली आणि कोट त्यावर चढवला. बटणं लावली. कॉलर उभी केली. टोपीलाही थोडं वय यायला हवं म्हणून तीही वर ठेवली. वारा थेट डोंगरावरून यायचा ती हीच जागा. अडीच दिवसांत इथे निदान सात-आठ वर्षांचं काम उरकेल, असा तिचा हिशोब होता.

मंगळवारी संध्याकाळी मेटकाफ दारात आला. चेहरा ताठ.

"पोरी, तुला माझा राग आलाय का?"

"मला? कशाबद्दल?"

"दुपारी कुंपणाशी उभी होतीस. मी दहा मिनिटं बोललो तुझ्याशी. मेंढीच्या खुराचं सगळं सांगितलं. एका शब्दानं बोलली नाहीस."

हेस्टरपुढे दोन वाटा होत्या. 'तो माझा कोट होता' म्हणावं, की 'हो, मला राग आला होता' म्हणावं. तिने दुसरी निवडली. मग राग कशाचा, हे शोधण्यात आणखी वीस मिनिटं गेली आणि शेवटी मेटकाफने आपल्या मेंढ्यांच्या वतीने अकरा वर्षांची माफी मागितली.

बुधवारी सकाळी हेस्टर वळणावर गेली, तर खांब होता आणि कोट नव्हता. टोपीही नव्हती.

चोरी हा शब्द तिच्या मनात क्षणभरच आला. स्केलबेकमध्ये चोरी होत नाही. तिथे त्याहून घातक गोष्ट होते, तिला सौजन्य म्हणतात. त्या डोंगरात वाटेवर कुणाचा हातमोजा पडलेला दिसला, तर माणूस तो उचलून जवळच्या खांबावर अडकवतो आणि पुढे जातो, म्हणजे ज्याचा असेल त्याला परत येताना सापडावा. खांबावर दिसलेली वस्तू ही हरवलेली आणि कुणाला तरी सापडलेली वस्तू असते. पाद्री गार्थ सकाळी तिथून गेले. त्यांना खांबावर कोट दिसला. कुणा बिचाऱ्याचा हरवलाय, कुणा भल्या माणसाने खांबावर लावलाय, पण हातमोजा वेगळा आणि इतका चांगला कोट वेगळा, तो भिजेल, असा त्यांनी विचार केला. त्यांनी तो काढला, झटकला, टोपीसह गावाच्या हॉलमध्ये नेला आणि हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवून कुलूप लावून घेतलं.

कपाटाची किल्ली मिसेस आल्डरसनकडे होती. किल्लीआधी फॉर्म होता.

आयुष्यभर दुसऱ्यांकडून फॉर्म भरून घेणाऱ्या हेस्टरला फॉर्मची भीती नव्हती. वस्तू: कोट. रंग: शेवाळी. आकार: मध्यम. पाचव्या रकान्यात होतं, 'वस्तूचं वय'. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं, 'हा अर्ज हरकतींसाठी सात दिवस सूचनाफलकावर लावला जाईल.'

सूचनाफलक पोस्टाशेजारी आहे. दूध घ्यायला जाणारा प्रत्येक माणूस तो वाचतो, कारण स्केलबेकमध्ये दुसरं वाचायला काही नसतं. हेस्टरच्या हातातली पेन्सिल थबकली. मग तिने एक अशी गोष्ट केली, जी दवाखान्यात कुणी केली असती तर तिने चष्म्यावरून पाहिलं असतं. तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'अंदाजे वीस वर्षं'.

मिसेस आल्डरसननी अर्ज दोनदा वाचला, कपाट उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि बंद केलं.

"इथे एक कोट आहे," त्या म्हणाल्या. "पण तो तुमचा नाही."

"शेवाळी आहे ना? कॉर्डरॉयची कॉलर?"

"आहे. पण हा नवा आहे. आतल्या खिशात जादा बटणाची पुडीसुद्धा फोडलेली नाही. तुमचा वीस वर्षांचा. तुम्हीच लिहिलंय."

"मी... अंदाजे लिहिलंय."

"अंदाज एकोणीस वर्षं अकरा महिन्यांनी चुकत नाही, मिसेस पिलिंग."

"मग मी दुरुस्त करते."

"दाखल झालेला अर्ज दुरुस्त करता येत नाही. समितीपुढे ठेवावा लागतो. मंगळवारी, वीस तारखेला. आणि कपाटातली बेवारस वस्तू चोवीसला चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जाते, हेही सांगून ठेवते."

हेस्टर घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिने कारण नसताना सगळी कपाटं पुसली.

"सांगून टाक ना," डेस्मंड म्हणाला. "कोट आहे, नवा आहे. त्यात काय गुन्हा?"

"डेस्मंड, समितीपुढे बोललेलं इतिवृत्तात जातं. तिथे अठराशे एकाहत्तरपासूनची इतिवृत्तं आहेत. लोक काढून वाचतात. मी मेल्यावर वाचतील. 'हेस्टर पिलिंग, हिचा कोट नवा होता.'"

"मग पिवळा रेनकोट घाल."

यावर तिने पुसलेली कपाटं पुन्हा पुसली.

वीस तारखेच्या सभेत तिचा विषय पाचवा होता, रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या नंतर. मिठावर पन्नास मिनिटं चर्चा झाली. हार्कर पुढच्याच रांगेत बसला होता आणि आपला गुडघा सारखा सरळ करत होता, वाकवत होता, सरळ करत होता.

"बरा वाटतोय हल्ली," तो शेजारच्याला म्हणाला, पण आवाज हॉलच्या मागपर्यंत जाईल असा लावला होता. "अगदी ऐन वेळी काही अडचण आली, कुणाकडे घालायला कपडे नाहीत वगैरे, तर मी आहे."

हेस्टर उठून उभी राहिली. "कोट माझा आहे," ती म्हणाली. "आणि तो..."

"साक्षीदार आहे का कुणी?" मिसेस आल्डरसननी विचारलं.

"मी आहे," मागून मेटकाफ उठला. "त्या कोटाला मी ओळखतो. मी त्याच्याशी बोललोय."

"कोटाशी?"

"दहा मिनिटं. तेव्हा मला वाटलं होतं हीच आहे. पण मी विचार केला, की आमची हेस्टर दहा मिनिटं गप्प कशी राहील? म्हणजे आत कुणी नव्हतं. कोट हिचाच. नवाकोरा आहे. तीन तारखेला दुपारी तीन वाजता आणला, मी पाहिलाय. चिठ्ठी लोंबत होती."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सगळे गंभीरपणे मान हलवत होते, आणि तेच फार वाईट होतं. मिसेस आल्डरसननी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "कोट मिसेस पिलिंग यांचा असून तो नवा आहे, हे सभेने सर्वानुमते मान्य केले." दुसऱ्या दिवशी तेच वाक्य टंकलिखित होऊन फलकावर लागलं. हेस्टर नाताळपर्यंत दूध आणायला शेजारच्या गावी गेली.

या सगळ्यात एक शब्द मात्र तिच्या लक्षातून निसटला होता आणि तो तिला सव्वीस तारखेला सकाळी, कोटाची बटणं लावताना आठवला. मेटकाफ 'आमची हेस्टर' म्हणाला होता. ती जिन्यातच थांबली. मग तिने टोपी थोडी तिरकी केली आणि खाली उतरली. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, तर निदान छान तरी दिसू, असा विचार तिने केला.

हॉलपाशी चौतीस माणसं आणि नऊ कुत्री जमली होती. अर्धा पाऊस आणि अर्धं बर्फ असं काहीतरी आडवं पडत होतं. चौतीसच्या चौतीस कोटांवर पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई होती. फाटक्या बाह्या, सुतळीचे पट्टे, रंग उडालेले खांदे. सगळ्यांत मानाचा कोट मिसेस आल्डरसनचा. तो त्यांच्या वडिलांचा, असं गाव मानायचं. वडील वादळात मेंढ्या शोधायला गेले तेव्हा तोच कोट अंगात होता म्हणे, आणि त्याची पाठ गडग्यावरच्या दगडासारखी दिसायची. त्या सगळ्यांसमोर हेस्टर नुकत्याच धुतलेल्या पानासारखी तकतकत होती. हार्करने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि तो समाधानाने सर्वांत मागे जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या मैलाला हेस्टरने मागे वळून माणसं मोजली, तेव्हा तिला काहीतरी वेगळं दिसलं. चौतीस मानाच्या कोटांचे खांदे काळे पडत चालले होते. वीस-तीस वर्षांत त्यांतलं मेण कधीच उडून गेलं होतं आणि पुन्हा लावणं कमीपणाचं मानलं जायचं. मेटकाफच्या कॉलरमधून आत शिरलेलं पाणी डाव्या बाहीतून बाहेर येत होतं, पन्हळीतून यावं तसं. हेस्टर कोरडीठणठणीत होती. दोन स्वेटर, चौकड्यांचं अस्तर आणि आत छानशी ऊब. तिला गावंसं वाटत होतं. पुढारीपणाला शोभणार नाही म्हणून तिने ते मनातच केलं.

तिसऱ्या मैलाला ओढा आला. नेहमी त्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे जायचं असतं. आज दगडच दिसत नव्हते. तपकिरी पाणी आवाज करत चाललं होतं.

"जाऊया," हार्कर मागून ओरडला. "अठरा वर्षं गेलोय इथून."

"नकाशा बघा," कुणीतरी म्हणालं. तिघांनी खिशातून नकाशे काढले. एकाच्या हातात लापशी आली. दुसऱ्याचा घडीवर चार तुकड्यांत सुटला. तिसऱ्याच्या नकाशावर सगळ्या परगण्याचा एकच निळा तलाव झाला होता.

हेस्टरने छातीशी हात घातला आणि आतल्या खिशातून नकाशा काढला. कडक, कोरडा, इस्त्री केल्यासारखा. चौतीस डोकी त्यावर वाकली.

"वर अर्ध्या मैलावर लाकडी पूल आहे," ती म्हणाली. "पलीकडून पुन्हा शिवेला लागता येतं. वीस मिनिटं जास्त जातील. ओढ्यात कुणी उतरायचं नाही. हार्कर, तुम्हीसुद्धा नाही."

ती चालू लागली. मागून कुणी येतंय का हे बघायचं नाही, असं तिने ठरवलं आणि पन्नास पावलं ती श्वास रोखून चालली. मग तिला अडुसष्ट गमबुटांचा चिखलातला आवाज ऐकू आला. जगात याहून गोड आवाज नाही, असं तिचं आजही मत आहे.

पुलानंतर पहिल्यांदा मेटकाफ तिच्या शेजारी आला. मग मागे बघून, खालच्या आवाजात म्हणाला, "पोरी, ते दुकान कुठंसं?"

"कोटाचं?"

"हळू बोल की. मला नकोय. पुतण्यासाठी विचारतोय."

तिने सांगितलं. तो गेला. दहा मिनिटांनी पाद्री गार्थ आले, ते चर्चमधल्या ऑर्गन वाजवणाऱ्यासाठी विचारत होते. मग पोस्टातली बाई, बहिणीसाठी. चौथ्या मैलाच्या शेवटी पायाला रेटा देत, लंगडत लंगडत हार्कर आला. त्याच्या मेव्हण्याला म्हणे एक कोट हवा होता. मेव्हण्याचं माप हुबेहूब हार्करएवढंच निघालं. प्रत्येक जण जाताना म्हणायचा, "हे आपल्यातच राहू दे." हेस्टर मान डोलवायची. अकरा वर्षांत या गावाने तिला एक गुपित सांगितलं नव्हतं. आज मैलाला चारच्या भावाने मिळत होती.

एक वाजून पन्नास मिनिटांनी फेरी पबमध्ये पोचली. हेस्टरने दारात उभं राहून मोजलं. माणसं चौतीस. कुत्री नऊ.

शेकोटीभोवती कोट वाळत पडले आणि खोलीत मेंढीच्या वासाची वाफ भरली. हेस्टरने आपला एकदाच झटकला आणि खुंटीला लावला. सूप आलं. मिसेस आल्डरसन आपली वाटी घेऊन सरळ तिच्या बाकावर येऊन बसल्या. सगळ्या पबचं लक्ष तिकडे लागलं आणि सगळा पब वाटीत बघू लागला.

"वीस मिनिटं उशीर," मिसेस आल्डरसन म्हणाल्या.

"हो."

"ओढ्यात एकही माणूस गेला नाही. हार्करच्या वेळी सरासरी दोन जायची. पुढच्या वर्षापासून फेरी तुमची. जानेवारीच्या सभेत लिहून टाकू."

हेस्टरने पावाचा मोठा तुकडा तोंडात घातला. मिसेस आल्डरसन उठल्या नाहीत. आता ह्याही दुकान विचारणार, कुणा भाचीसाठी, असं हेस्टरला वाटलं.

मिसेस आल्डरसन किंचित वाकल्या. अंगावरून पाणी टपकत होतं, दात वाजत होते, पण आवाज सभेतलाच होता, फक्त फार बारीक केलेला.

"खांबाबिंबाचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "मोटारीचाही नाही. शेणखताच्या ढिगात पुरायचा. आठ दिवस. एक दिवसाआड बादलीभर गरम पाणी. मग वाळवून तारेच्या ब्रशनं घासायचा, खांद्यांवर जास्त."

हेस्टरचा घास तोंडातच राहिला. "पण तुमचा तर... तुमच्या वडिलांचा..."

"माझे वडील शिंपी होते. ब्रॅडफर्डला. मेंढी त्यांनी फक्त ताटात पाहिली. मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि कोट चार दिवसांचा होता." त्यांनी सूप संपवलं, वाटी नीट बशीत ठेवली. "माझ्या नवऱ्याला, आल्डरसनलासुद्धा माहीत नाही."

मग त्या उठल्या आणि हार्करला गुडघ्याबद्दल काहीतरी कडक शब्दांत सांगायला गेल्या.

डेस्मंड दोन पेले घेऊन धडपडत गर्दीतून आला. अंगावरचा त्याचा तो रंग न ओळखता येणारा कोट भिजून दुप्पट झाला होता.

"काय म्हणत होत्या एवढं?" त्याने विचारलं. "अगदी कानाशी लागून?"

हेस्टरने पेला हातात घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि या गावात जन्मल्यासारखी म्हणाली, "काही नाही रे. पाऊस फार आहे म्हणाल्या."